सोने देऊन लोखंड : प्रशियातील नाजूक लोह-ओतकामाचा इतिहास (१७९६ ते १८७४)

प्रस्तावना

लोखंड हा धातू मानवी इतिहासात प्रामुख्याने शस्त्र, अवजार आणि यंत्र यांच्याशी जोडला गेला आहे. अलंकाराचा विचार होतो तेव्हा सोने व चांदी यांचा उल्लेख प्रथम येतो. लोखंडाचे नाव सहसा घेतले जात नाही. त्यातही ओतीव लोखंड, म्हणजे ज्याला मराठीत ‘बीड’ म्हणतात ते, अधिकच जड, ठिसूळ आणि ओबडधोबड कामाचे मानले जाते. बिडाचा तवा, बिडाचा नळ किंवा यंत्राचा बैठा सांगाडा हीच त्याची परिचित रूपे होत. अशा धातूपासून कानातील डूल, गळ्यातील जाळीदार हार आणि माशीच्या पंखाइतके पातळ नमुने तयार होऊ शकतात, ही गोष्ट सहज पटण्यासारखी नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रशियातील तीन राजकीय ओतशाळांनी हे काम इतक्या पूर्णत्वास नेले की ‘बर्लिनचे लोखंड’ ही संज्ञा युरोपभर अलंकारवाचक झाली.

या कलाप्रकाराची हकीकत सामान्यतः एका देशभक्तीपर प्रसंगापासून सांगितली जाते. १८१३ साली नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी प्रशियातील स्त्रियांनी सोन्याचे दागिने दिले आणि त्या बदल्यात लोखंडाचे दागिने स्वीकारले. त्यातून लोखंडी अलंकारांची कला जन्मास आली, असे तिचे लोकप्रिय रूप आहे. या कथेतील त्याग खरा आहे. तथापि कलेच्या जन्माचे कारण म्हणून ती अपुरी ठरते. प्रस्तुत लेखात या कलेची तांत्रिक आणि प्रशासकीय पार्श्वभूमी तपासून, १८१३ च्या प्रसंगाचे तिच्या इतिहासातील नेमके स्थान निश्चित करण्याचा प्रयत्न केला आहे. राष्ट्रीय स्मृती आणि कारागिरीचा इतिहास यांतील अंतर स्पष्ट करणे, हा त्यामागील हेतू आहे.

पार्श्वभूमी : खाण-प्रशासन आणि राजकीय ओतशाळा

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रशियाच्या राज्यकर्त्यांना खनिज संपत्तीचे महत्त्व पूर्णपणे पटले होते. दुसऱ्या फ्रीडरिशच्या कारकिर्दीत १७७७ साली फ्रीडरिश आंटोन फॉन हाइनिट्झ यांच्याकडे खाण खात्याची सूत्रे आली. सायलेशिया प्रांतातील खाणी आणि भट्ट्या काउंट फ्रीडरिश विल्हेल्म फॉन रेडेन यांच्या देखरेखीखाली होत्या. लोखंड गाळण्यासाठी तोवर लाकडी कोळसा वापरला जाई. इंग्लंडमध्ये मात्र दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर झोतभट्ट्या चालू लागल्या होत्या. रेडेन यांनी इंग्लंडमधील हे तंत्र जवळून पाहिले आणि जॉन बेल्डन या स्कॉटिश अभियंत्यास सायलेशियात आणले. १७९६ साली ग्लाइविट्झ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील ग्लिवित्से येथे, कोकवर चालणारी झोतभट्टी सुरू झाली. त्याच वर्षी सायलेशियातील लासान येथे, मालापाने येथील कारखान्यात ओतलेल्या भागांचा लोखंडी पूल उभा राहिला. युरोपच्या मुख्य भूमीवरील आरंभीच्या ओतीव लोखंडी पुलांत त्याची गणना होते.

याच धोरणाचा पुढचा टप्पा म्हणून १८०४ साली बर्लिन येथे राजकीय लोखंड-ओतशाळा स्थापन झाली. शहराच्या उत्तरेस, ओरानिएनबुर्ग वेशीबाहेर पांके या ओढ्याच्या काठी तिची जागा होती. येथे खनिजापासून लोखंड गाळले जात नसे. अन्यत्र तयार झालेले कच्चे लोखंड पुन्हा वितळवून त्याचे ओतकाम केले जाई. तिसरी ओतशाळा ऱ्हाइन नदीच्या परिसरातील झाइन येथील होय. ट्रिअरच्या इलेक्टरने ती अठराव्या शतकातच उभारली होती. व्हिएन्ना परिषदेनंतर १८१५ साली ती प्रशियाकडे आली.

या तीनही संस्थांचे मुख्य काम नाजूक वस्तू तयार करणे हे नव्हते, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. तोफा, तोफगोळे, यंत्रांचे भाग, नळ, कठडे आणि शेगड्या हे त्यांचे नित्याचे उत्पादन होते. बर्लिनच्या ओतशाळेत १८१६ साली क्रीगर यांच्या देखरेखीखाली वाफेचे एक रेल्वे-इंजिन तयार झाले. ते युरोपच्या मुख्य भूमीवर बनलेले पहिले इंजिन मानले जाते. ते सायलेशियात पाठविल्यावर तेथील रुळांच्या रुंदीशी त्याचा मेळ बसला नाही आणि प्रयोग फसला. ज्या आवारात हे इंजिन तयार झाले, त्याच आवारात त्याच काळात काही ग्रॅम वजनाचे पदक आणि कर्णभूषणे ओतली जात होती. अवजड आणि नाजूक ही कामे एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती. नाजूक ओतकाम म्हणजे त्या ओतशाळेच्या कौशल्याची जणू कसोटी आणि जाहिरात होती.

नाजूक ओतकामाचे तंत्र

शुद्ध लोखंड सुमारे १५३८ अंश सेल्सिअस तापमानास वितळते. त्यात कार्बनचे प्रमाण वाढले की वितळबिंदू खाली येतो, सुमारे ४.३ टक्के कार्बन असताना तो ११५० अंशांच्या आसपास असतो. ओतकाम शक्य होते ते यामुळेच. तथापि जाड तुळई ओतणे आणि धाग्याइतकी बारीक नक्षी ओतणे यांत मूलभूत फरक आहे. साचा जितका अरुंद, तितका त्यातील रस लवकर थंड होतो. नक्षीच्या टोकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तो गोठला, तर वस्तू अपुरी राहते.

या अडचणीवर उपाय ठरला तो लोखंडातील फॉस्फरस. लोहविद्येच्या दृष्टीने फॉस्फरस हा दोष होय, कारण त्यामुळे लोखंड थंड अवस्थेत ठिसूळ बनते. घडाईच्या लोखंडात तो असू नये म्हणून लोहार आणि भट्टीवाले शतकानुशतके दक्षता घेत आले. परंतु फॉस्फरसयुक्त लोखंडाचा रस अधिक पातळ असतो आणि अधिक काळ प्रवाही राहतो, कारण त्यातील फॉस्फरसप्रधान अंश सुमारे ९५० अंशांपर्यंत द्रवरूप असतो. उत्तर जर्मनीच्या सखल, दलदलीच्या प्रदेशात मिळणारे लोहखनिज फॉस्फरसयुक्त असते. सॅक्सनीतील लाउखहामर येथे अशाच खनिजावर चालणाऱ्या कारखान्यात काउंट आइनझीडेल यांनी १७८४ साली लोखंडाचा पोकळ पुतळा ओतून दाखविला होता. जे लोखंड तलवारीस आणि नांगरास निरुपयोगी, तेच नक्षीस उपयुक्त ठरले.

दुसरा घटक साच्याचा. प्रथम मेणामध्ये मूळ नमुना कोरला जाई. त्यावरून पितळ किंवा तत्सम धातूचा टिकाऊ नमुना तयार करून तो घासूनपुसून निर्दोष केला जाई. हा धातूचा नमुना दोन भागांच्या चौकटीत, किंचित ओलसर आणि अत्यंत बारीक वाळूत दाबला जाई. वाळूला बांधून ठेवण्यापुरता चिकणमातीचा अंश तिच्यात असावा लागे. तो अधिक झाला तर वाफ कोंडून वस्तूला छिद्रे पडत. कमी झाला तर नक्षीची कड ढासळे. साच्याच्या पृष्ठभागावर कोळशाची पूड भुरभुरली जाई, त्यामुळे वस्तूची त्वचा गुळगुळीत होई. नमुना पुन्हापुन्हा वापरता येई, पण वाळूचा साचा प्रत्येक ओतकामानंतर मोडावा लागे. परिणामी एकाच नमुन्याच्या शेकडो प्रती निघत असल्या तरी प्रत्येक प्रतीसाठी साचा भरणाऱ्याचा हात नव्याने कसाला लागे.

ओतून झाल्यावर सोनाराला उपलब्ध असलेले उपाय येथे उपलब्ध नव्हते. सोने ठोकून, वाकवून किंवा डाग देऊन दुरुस्त करता येते. ठिसूळ बीड वाकत नाही, तडकते. म्हणून हार अथवा बाजूबंद एकसंध न ओतता त्याचे लहान लहान भाग स्वतंत्रपणे ओतले जात आणि बारीक कड्यांनी एकमेकांत गुंफले जात. शेवटी गंजापासून संरक्षण म्हणून त्यांवर तेलयुक्त काळा लेप देऊन तो उष्णतेने पक्का केला जाई. या लेपामुळे बर्लिनच्या लोखंडास त्याचा वैशिष्ट्यपूर्ण, मंद काळा रंग प्राप्त झाला.

या कौशल्याची परिसीमा झाइन येथील एका लहानशा वस्तूत दिसते. तेथील ओतशाळेने घरमाशीची नैसर्गिक आकाराची लोखंडी प्रतिकृती ओतली. पाय आणि पंख यांसह ओतलेली ही माशी पुढे त्या ओतशाळेची ओळखच बनली. तिचा व्यावहारिक उपयोग काही नव्हता. ‘आमच्या भट्टीतील रस आणि आमच्या साच्यातील वाळू येथपर्यंत पोहोचते’, एवढेच ती सांगत होती.

१८१३ पूर्वीचे अलंकार आणि पदके

बर्लिनची ओतशाळा १८०५ पासून नववर्षानिमित्त लोखंडाच्या लहान पट्टिका ओतून वितरित करू लागली. सरत्या वर्षात ओतशाळेने केलेल्या उल्लेखनीय कामांची सूक्ष्म चित्रे त्यांवर असत. आज या पट्टिका ओतशाळेच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन ठरतात. मेणातील व्यक्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले लेओनहार्ड पोश यांच्या नमुन्यांवरून राजघराण्यातील आणि सार्वजनिक जीवनातील व्यक्तींची पदके ओतली गेली. अभिजात ग्रीक-रोमन धर्तीची उठावचित्रे अलंकारांत बसविली जाऊ लागली. यावरून असे दिसून येते की, नाजूक ओतकामासाठी लागणारे नमुने, कारागीर आणि ग्राहक हे तीनही घटक १८१३ पूर्वीच अस्तित्वात होते.

दरम्यान राजकीय परिस्थिती झपाट्याने पालटली. ऑक्टोबर १८०६ मध्ये येना येथे प्रशियाचा पराभव झाला आणि त्याच महिन्यात नेपोलियनने बर्लिनमध्ये प्रवेश केला. १८०७ च्या टिल्झिट तहाने प्रशियाचा जवळजवळ निम्मा प्रदेश गेला आणि देशावर जबर खंडणीचा बोजा पडला. जनतेत अतिशय लोकप्रिय असलेली राणी लुइझे १९ जुलै १८१० रोजी निधन पावली. सुवर्णालंकारांचा दिमाख या काळात अप्रस्तुत वाटू लागला. काळ्या, साध्या आणि स्वस्त लोखंडी अलंकारांना शोकाचा व संयमाचा अर्थ सहजपणे चिकटला. धातूचा अर्थ बदलण्याची ही प्रक्रिया १८१३ च्या आवाहनापूर्वीच सुरू झाली होती.

१८१३ : सोने आणि लोखंड

१० मार्च १८१३ ही दिवंगत राणीची जयंती. याच दिनांकापासून तिसऱ्या फ्रीडरिश विल्हेल्मने ‘लोहक्रूस’ या शौर्यपदकाची स्थापना केली. त्याच्या अंतिम आराखड्यात वास्तुविशारद कार्ल फ्रीडरिश शिंकेल यांचा वाटा होता. मध्यभागी काळे ओतीव लोखंड आणि भोवती चांदीची अरुंद किनार, असे त्याचे रूप होते. सेनापती आणि सामान्य सैनिक यांना एकच चिन्ह मिळण्याची सोय त्यात होती, ही त्या काळच्या श्रेणीबद्ध समाजात लक्षणीय बाब म्हणावी लागेल. मौल्यवान धातू कडेला आणि हलका समजला जाणारा धातू केंद्रस्थानी, ही रचनाच पुरेशी बोलकी आहे. ऑगस्ट १८१४ मध्ये युद्धकाळात सेवा करणाऱ्या स्त्रियांसाठी राणीच्या नावाने ‘लुइझे सन्मान’ सुरू झाला.

याच मार्च महिन्यात राजकन्या मारिआन्ने यांनी प्रशियातील स्त्रियांना युद्धासाठी मौल्यवान वस्तू देण्याचे आवाहन केले. दिलेल्या सोन्याच्या अंगठीच्या बदल्यात लोखंडी अंगठी मिळे आणि ‘सोने दिले लोखंडासाठी’ अशा अर्थाचे जर्मन शब्द तिच्यावर असत. घरातील सोने गेले हे लपविण्याची गोष्ट राहिली नाही. उलट बोटातील लोखंड हे प्रतिष्ठेचे चिन्ह झाले.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. सोन्याच्या मोबदल्यात मिळालेली लोखंडी अंगठी ही साधी वस्तू होती. तिचे मूल्य तिच्यावरील अक्षरांत होते, कारागिरीत नव्हते. आज संग्रहालयांतून ‘बर्लिनचे लोखंड’ म्हणून जे जाळीदार हार, मुकुट आणि बाजूबंद पाहावयास मिळतात, त्यांपैकी बहुसंख्य १८१५ नंतरच्या दोन-तीन दशकांतील असून ते पैसे मोजून विकत घेतलेले आहेत. लोकस्मृतीत मात्र या दोन वस्तू एकरूप झाल्या. साध्या अंगठीमागील त्याग नाजूक हारास चिकटला आणि नाजूक हाराचे सौंदर्य त्या त्यागाच्या खात्यावर जमा झाले. विक्रीच्या दृष्टीने ही सरमिसळ उपकारकच ठरली असणार.

युद्धोत्तर काळ : बाजारपेठ आणि शैली

युद्ध संपल्यानंतर या कलेचा खरा बहराचा काळ सुरू झाला. बर्लिनमध्ये योहान कोनराड गाइस, सिमेऑन पिएर देवारान यांसारख्या खाजगी कारागिरांनी आपल्या नाममुद्रेसह अलंकार तयार केले. शैलीतही बदल झाला. अभिजात उठावचित्रांच्या जागी गॉथिक चर्चमधील टोकदार कमानी, चक्राकार खिडक्यांची जाळी आणि त्रिदल आकृती आल्या; त्यांच्या जोडीला द्राक्षवेलीची पाने व फुलपाखरे दिसू लागली. गॉथिक ही जर्मन भूमीची स्वतःची शैली होय, अशी तत्कालीन समजूत होती आणि शिंकेल यांच्या कल्पनाशक्तीचाही हा विषय होता. युद्धाचे स्मारक म्हणून त्यांनी आखलेला आणि १८२१ साली बर्लिनमध्ये अनावरण झालेला गॉथिक मनोरा ओतीव लोखंडाचाच आहे. त्याच्या शिरावरील लोहक्रूसावरून त्या टेकडीस क्रॉइट्सबेर्ग हे नाव मिळाले. शिखराएवढ्या स्मारकात आणि बोटभर कर्णभूषणात एकच आकृतिबंध आणि एकच धातू योजला गेला, ही या काळाची विशेषता होय.

अर्थशास्त्रीय दृष्टीनेही या वस्तूंनी समकालीनांचे लक्ष वेधले. इंग्लंडमधील गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी यंत्रे आणि कारखानदारी यांच्या अर्थव्यवस्थेवरील आपल्या १८३२ च्या ग्रंथात, श्रमामुळे कच्च्या मालाची किंमत किती पटींनी वाढते हे दाखविण्यासाठी नाजूक लोखंडी ओतकामाचा दाखला घेतला. सोन्याच्या दागिन्यात किमतीचा मोठा भाग धातूचा असतो. लोखंडी दागिन्यात धातूची किंमत नगण्य असून जवळजवळ सर्व मूल्य नमुनाकाराच्या, साचा भरणाऱ्याच्या आणि कड्या गुंफणाऱ्याच्या श्रमाचे असते. तथापि, ज्यांच्या श्रमाचे हे मूल्य होते, त्यांपैकी नमुने करणाऱ्या शिल्पकारांची आणि कारखान्याच्या मालकांची नावे प्रामुख्याने उरली. वाळूचा साचा भरणारे हात अनामिकच राहिले.

ऱ्हास

या कलेच्या ऱ्हासास एकच कारण देता येत नाही. फ्रान्समध्ये आणि अन्यत्र अनुकरणे होऊ लागली. १८३० नंतर बर्लिनमध्येच जस्ताचे ओतकाम पुढे आले आणि गाइस यांचे नाव पुढे जस्ताच्या ओतकामाशीही जोडले गेले. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून ते ओतणे सोपे आणि स्वस्त. १८३८ नंतर विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा देण्याचे तंत्र प्रसृत झाले आणि सोन्यासारखी दिसणारी स्वस्त वस्तू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. संयमाचे प्रतीक म्हणून लोखंड वापरण्याची मानसिकताही युद्धाच्या आठवणींबरोबर ओसरत गेली.

मार्च १८४८ च्या क्रांतीत बर्लिनच्या ओतशाळेस आग लावली गेली आणि तिचे मोठे नुकसान झाले. ज्या संस्थेने पस्तीस वर्षांपूर्वी प्रजेच्या त्यागाची चिन्हे घडविली, ती आता राजसत्तेची मालमत्ता म्हणून प्रजेच्या रोषास पात्र ठरली, हा इतिहासातील विरोधाभास नोंद घेण्यासारखा आहे. ओतशाळा त्यानंतर पुन्हा सुरू झाली, परंतु तोपर्यंत शेजारीच एगेल्स आणि बोर्झिग यांचे खाजगी यंत्र-कारखाने वाढले होते. एगेल्स यांनी स्वतः याच राजकीय ओतशाळेत अनुभव घेतला होता. शासनाने उभारलेल्या संस्थेने कुशल माणसे घडविली आणि त्याच माणसांच्या उद्योगांनी तिची गरज संपविली. झाइनची ओतशाळा १८६५ मध्ये क्रुप यांनी विकत घेतली; बर्लिनची १८७४ साली बंद झाली. इनव्हालिडेनश्ट्रासे या रस्त्यावरील तिच्या जागेवर पुढे निसर्गविज्ञानाचे संग्रहालय उभे राहिले आणि १८८९ मध्ये ते खुले झाले.

घोषवाक्याचे पुनरागमन

कला लोपली, पण तिच्याशी जोडलेले वाक्य टिकले. पहिल्या महायुद्धात जर्मनी आणि ऑस्ट्रियात नागरिकांना सोने देऊन लोखंड घेण्याचे आवाहन पुन्हा करण्यात आले. १९१६ साली त्यासाठी जर्मनीत खास लोखंडी पदकही देण्यात आले. लोहक्रूस १८७०, १९१४ आणि १९३९ मध्ये पुनरुज्जीवित झाला. १९३९ च्या क्रूसावर नाझी चिन्ह होते. १८१३ मधील आवाहन परकीय सत्तेखाली भरडलेल्या देशाचे होते. नंतरच्या युद्धांचे स्वरूप तसे नव्हते. तरीही आवाहनाची भाषा तीच राहिली, कारण दरम्यानच्या काळात १८१३ ची कथा तिच्या गुंतागुंतीसह नव्हे, तर एक सुटसुटीत आदर्श म्हणून जतन झाली होती. इतिहासातून कारागिरी, बाजारपेठ आणि प्रशासन वगळले की केवळ त्याग उरतो. आणि निव्वळ त्यागाचे चिन्ह कोणत्याही सत्तेस वापरता येते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, प्रशियातील नाजूक लोह-ओतकाम हे १८१३ च्या देशभक्तीचे अपत्य नसून, अठराव्या शतकाच्या अखेरीस आखलेल्या खाण व ओतकामविषयक धोरणाचे फळ होते. १८१३ च्या प्रसंगाने तिला जन्म दिला नाही, अर्थ दिला. दुसरी, या कलेचा पाया ज्या फॉस्फरसयुक्त लोखंडावर उभा होता, ते रूढ कसोटीनुसार सदोष होते. धातूचे गुणदोष निरपेक्ष नसून ते हेतूनुसार ठरतात, हे सूत्र तेथील कारागिरांनी रसायनशास्त्राच्या पूर्ण आकलनापूर्वीच व्यवहारात आणले. तिसरी, सोन्याच्या बदल्यात मिळालेली साधी अंगठी आणि बाजारात विकला गेलेला नाजूक हार यांचा वेगवेगळा विचार केल्याशिवाय या कलेचे आणि त्या त्यागाचेही यथार्थ मूल्यमापन होऊ शकत नाही.

सोने देणाऱ्या स्त्रियांच्या निष्ठेस यामुळे कोणतेही न्यूनत्व येत नाही. उलट, त्यांच्या बोटांतील लोखंडी अंगठी अधिक खरी वाटू लागते, कारण ती सुंदर नव्हती. सुंदर वस्तू पांकेच्या काठच्या वाळूत, भट्टीपुढे उभे राहून साचे भरणाऱ्या माणसांनी घडविल्या. पहिल्यांची आठवण राष्ट्राने ठेवली; दुसऱ्यांची नोंद घेणे हे इतिहासलेखनाचे काम आहे.